पाळणा हलवून झाला, आता शाळेचं काय?



मागच्या वेळी आयंबिलच्या स्वयंपाकावर लिहिलं होतं, आणि पुढच्या वेळी पावसाळ्यातल्या कडधान्यांवर लिहीन असं कबूल केलं होतं. ते राहू दे. आज जरा रागावून लिहिते आहे. सांभाळून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पर्युषणातली गोष्ट. महावीर जन्मवाचनाचा दिवस. मालगुंडहून आम्ही घरच्या सगळ्या बायका आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला देरासरात गेलो होतो. चौदा स्वप्नं उतरली, बोल्या लागल्या, श्रीफळं फुटली, त्रिशला मातेचा पाळणा हलला. माझ्या धाकट्या जावेची मुलगी पाळण्याची दोरी धरून उभी होती. तेवढ्यात ओळखीच्या एक काकी जावेजवळ सरकल्या आणि त्यांना कुजबूज वाटत असेल अशा आवाजात म्हणाल्या, "मोठी झाली हो! आता स्थळं बघाल तेव्हा गोत्र कोणतं सांगणार?"

मुलगी दहावीत आहे. तिला ऐकू येतं. तिने दोरी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन चपलांच्या शेजारी पायरीवर बसली.

ती आमच्या घरी आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. हे घरात कधी लपवलं नाही, गावातही नाही. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. तिने मसुदा वाचला, दोन वाक्यं खोडली, ती मी काढली. कारण ही गोष्ट आधी तिची आहे, मग तिच्या आईबाबांची, आणि माझी तर सगळ्यात शेवटी.

आता मुद्द्यावर येते. आपण दत्तक मुलाचं स्वागत फार छान करतो. पेढे वाटतो, नाव ठेवतो, "केवढं पुण्याचं काम केलंत" म्हणतो. आणि मग निघून जातो. मूल बालवाडीत जातं, शाळेत जातं, वयात येतं, कॉलेजात जातं, लग्नाचं होतं. त्या सगळ्या वर्षांत आपण त्या घराला काय देतो? प्रश्न देतो. नुसते प्रश्न. "खरी आई कोण?" "कुठून आणली?" "सांगितलंय का तिला?" "रक्ताचं नाही, तरी बरी निघाली हो!"

सरकारचं बघा. दत्तक देण्याआधी संस्था घरी येऊन पाहणी करते, आईवडिलांशी बोलते, कागद तपासते. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. मूल कसं आहे, रुळलं का, खातंपितं का, हे पाहिलं जातं. दोन वर्षं झाली की हे ठरलेलं येणं थांबतं. बाळ म्हणून आलेलं मूल तेव्हा दोन-तीन वर्षांचं असतं. त्याला अजून 'आई' आणि 'मावशी' यांतला फरक कळत नसतो. ज्या वयात मूल पहिल्यांदा विचारतं की मी कोणाच्या पोटात होतो, त्या वयात दारावर कुणी येत नाही. मी सरकारला दोष देत नाही. सरकारने किती वर्षं घरात डोकावावं यालाही मर्यादा हवीच. पण मग त्यानंतर कोण? समाज. म्हणजे आपण. आणि आपण तिथे काय करतो ते वर सांगितलंच.

शाळेचे तीन प्रसंग सांगते. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण दुसरी कुठलीही शाळा असती तरी हेच झालं असतं.

पहिला, दुसरीतला. 'माझी वाढ' असा तक्ता करायचा होता. जन्मल्यापासून आजपर्यंतचे फोटो चिकटवायचे. तिच्याकडे चौदा महिन्यांच्या आधीचा एकही फोटो नाही. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "अगं, कुठल्याही बाळाचा लाव, कोण बघतंय!" सात वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळलं की आपल्या सुरुवातीच्या जागी कुठलंही बाळ चालतं.

दुसरा, सहलीचा. सहल कसली, गावातच केशवसुत स्मारक. आम्हा मालगुंडकरांचा तो अभिमान. कृष्णाजी केशव दामले १८६६ साली या गावात जन्मले, स्वतः शाळामास्तर झाले, आणि कवितेखाली 'केशवसुत' अशी सही करू लागले. मास्तरांनी अर्थ सांगितला, केशवचा मुलगा. मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "मग हिला काय म्हणायचं?" सगळे हसले. मास्तर पुढच्या शिळेकडे वळले. त्या पोराचा मला राग नाही. ते वाक्य त्याने घरात, जेवायला बसलेल्या मोठ्यांकडून उचललं होतं. राग मास्तर पुढे गेले याचा आहे. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की तिच्या बाबांचं नाव लावून म्हण, त्यात काय अडतं?

तिसरा, यंदाचा. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. घरी जाऊन आईवडिलांच्या कानाची पाळी बघा, जीभ वळते का बघा, आणि आपल्याशी जुळवा, असा गृहपाठ वर्गात दिला गेला. तिने वही कोरी दिली. शेरा आला, 'अपूर्ण'. तो शब्द वाचून माझी जाऊ स्वयंपाकघरात येऊन रडली. मुलगी नाही रडली. तिला सवय झाली होती. मला त्या सवयीची जास्त भीती वाटते.

यांत कुणी दुष्ट नव्हतं. बाई, मास्तर, काकी, कुणीच नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की घर एकाच प्रकारचं असतं. हे गृहीत बदलायला पैसे लागत नाहीत. 'जन्मापासूनचे फोटो' ऐवजी 'माझे आवडते चार फोटो' म्हणा. 'वंशवृक्ष' ऐवजी 'माझ्यावर माया करणारी माणसं' असं झाड काढायला सांगा. कानाच्या पाळ्या वर्गातल्या मुलांच्याच मोजा आणि तक्ता करा, विज्ञान तेवढंच शिकून होतं. ज्याचे वडील वारले आहेत, ज्याची आई वेगळी राहते, जो आजीकडे वाढतो, त्या प्रत्येक मुलाला याने मोकळा श्वास मिळेल.

आता आपल्या घरातल्या बोलण्याकडे येते. कारण शाळेत जे येतं ते आपल्या ओट्यावरून जातं.

एक वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. "कर्म कोणाला चुकलंय? आईचं अंतराय कर्म, आणि पोराचं पूर्वीचं काहीतरी." कर्मसिद्धांत इतका सोयीने वापरायचा असेल तर पूर्ण तरी वापरा. आपला धर्म सांगतो की जीव अनादी आहे. त्याला कुणी निर्माण केलेलं नाही. माझ्या पोटातून आलेल्या माझ्या दोन मुलांचे जीवसुद्धा मी घडवलेले नाहीत. ते आपापलं कर्म घेऊन माझ्या घरी आले. मी शरीराला दूध दिलं, वरण-भात दिला, नवकार शिकवला. जावेने तिच्या मुलीला तेच दिलं, फक्त चौदा महिने उशिरा. मग 'आपलं' आणि 'परकं' कुठे उरलं? रक्ताचा एवढा अभिमान आपण आणला कुठून? आपल्या शास्त्रातून तर नाही.

आणि गोत्राचं म्हणाल, तर गोत्र हे आठ कर्मांपैकी एक कर्म आहे हे पाठशाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय. पण नीच गोत्र कशाने बांधलं जातं, हे किती जणींना आठवतं? तत्त्वार्थसूत्र सांगतं की दुसऱ्याची निंदा केल्याने, स्वतःची बढाई मारल्याने, दुसऱ्याचे असलेले गुण झाकल्याने. म्हणजे पाळण्याची दोरी धरलेल्या पोरीचं गोत्र विचारून तिला खाली बघायला लावणारीने त्या क्षणी कोणाचं गोत्र बिघडवलं? त्या पोरीचं तर नाही.

आता त्या पाळण्याविषयीच बोलू. कल्पसूत्र आपण दरवर्षी ऐकतो. भगवान महावीर आधी देवानंदेच्या कुशीत होते. चौदा स्वप्नं आधी तिने पाहिली. ८२ दिवसांनंतर हरिणैगमेषी देवाने गर्भ त्रिशला मातेच्या कुशीत ठेवला. ज्या स्वप्नांसाठी आपण बोली लावतो ती आधी दुसऱ्या एका आईने पाहिली होती, आणि तिच्या नावाचा पाळणा कुणी हलवत नाही. पण भगवती सूत्रातली पुढची गोष्ट आठवा. वर्षांनंतर देवानंदा भगवानांच्या दर्शनाला येते. त्यांना पाहताच तिला पान्हा फुटतो. गौतम स्वामी विचारतात, हे काय? आणि भगवान सगळ्यांसमोर सांगतात की ही माझी आई आहे. लपवलं नाही, टाळलं नाही. त्याने त्रिशला मातेचं आईपण कमी झालं का? तीळभरही नाही.

कुणी म्हणेल, ते दत्तक नव्हे. नव्हेच. ती देवाची करणी होती, आपण कागदपत्रं करतो. मी एवढंच म्हणते की ज्या परंपरेत तीर्थंकरांना दोन आया आहेत, त्या परंपरेतल्या बायकांनी "खरी आई कोण?" हा प्रश्न विचारू नये. आमची मुलगी मला 'मोठी आई' म्हणते, तिच्या आईला 'आई' म्हणते, आणि जिने जन्म दिला तिलाही मनात काही म्हणत असेल. तिला त्याचं ओझं होत नाही. ओझं आपल्याला होतं.

आपल्या दिगंबर भगिनी गर्भहरणाची कथा मानत नाहीत. त्यांच्याकडे जीवंधरकुमाराची कथा आहे. राजाचा मुलगा, पण जन्म स्मशानात. स्वतःचं मेलेलं बाळ घेऊन तिथे आलेला गंधोत्कट शेठ त्या जिवंत बाळाला उचलून घरी नेतो. सुनंदा शेठाणी त्याला वाढवते. पुढे त्यांना स्वतःचा नंदाढ्य होतो, तरी जीवंधर थोरला तो थोरलाच राहतो. आणि त्याच्या जन्माची हकिकत त्याला कोण सांगतं? त्याचे गुरू आर्यनंदी. शिक्षण झाल्यावर, तो समजण्याएवढा झाल्यावर, शांतपणे. ऐकून तो संतापतो, तेव्हा गुरू त्याला सावरतात आणि एक वर्ष थांबायला लावतात. बघा, खरं सांगणं आणि सांगितल्यावर सोबत राहणं, ही दोन्ही कामं कथेने शिक्षकाकडे दिली आहेत. आमच्या मास्तरांनी तर पुढच्या शिळेकडे तोंड वळवलं!

"पण आपल्यात असं कुठे होतं?" असंही ऐकते. होतं. मृत्यूनंतर पिंड द्यायला मुलगा हवा, असं आपला धर्म मानत नाही. त्यामुळे जैनांचं दत्तक हे कायम संसाराचं, मायेचं काम राहिलं. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलं की निपुत्रिक जैन विधवा पतीची परवानगी नसतानाही दत्तक घेऊ शकते. ज्या काळी बाईला घरातलं भांडं विकायचं तरी विचारावं लागे, त्या काळी आपल्या आज्यांना मूल आपलं म्हणण्याचा हक्क होता! आजही १९५६ चा दत्तक कायदा जैनांना लागू आहे, आणि २०१५ चा बाल न्याय कायदा सगळ्यांनाच आहे. दोन्ही कायदे सांगतात की दत्तक झालेलं मूल त्या घराचं, सर्व अर्थांनी. २०२२ च्या सप्टेंबरपासून तो आदेश जिल्हाधिकारी देतात. जन्मदाखल्यावर याच आईवडिलांची नावं येतात. कायद्याने विषय संपवला. आपण मात्र वर्षानुवर्षं उकरत बसतो.

आणखी एक नियम ऐका. मुलाला अठरा पूर्ण झाली की ते स्वतः आपल्या जन्माचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं. त्याआधी आईवडिलांसोबत. तिसऱ्या कुणालाही तो शोध घेता येत नाही. तिसरं कोणीही म्हणजे नात्यातली काकी, आत्या, शेजारीण, बेंचवरचा मित्र आणि मीसुद्धा. सरकारी फायलीला जे विचारायची आपल्याला मुभा नाही, ते आपण मासिक मंडळाच्या बैठकीत पोह्यांच्या बश्या वाटताना विचारतो.

महाराष्ट्राने दत्तक मुलांचं ऋण विसरू नये. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली, दहाव्या वर्षी, कोल्हापूरला दत्तक गेले. ते राजर्षी शाहू झाले. कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला, तो महाराजा सयाजीराव झाला. मान्य, ती दत्तकं गादीसाठी होती. पण त्या दोघांनी काय केलं? सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तेच केलं. १९०१ मध्ये त्यांच्या राज्यात दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं, आणि तिथे राहिलेल्या आपल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली. म्हणजे गरिबाच्या मुलाला शाळेचं दार उघडून देणारे दोन राजे दत्तक होते. आणि आज दत्तक मुलीला त्याच शाळेत 'अपूर्ण' शेरा मिळतो!

आता माझी चूक. ती न सांगता तुम्हाला उपदेश करण्याचा मला हक्क नाही.

बाळ घरी आलं तेव्हा सगळ्यात जास्त "पुण्य" मीच म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरीचं नशीब उघडलं." जाऊ तेव्हा काही बोलली नाही. कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या दोन्ही बाळंतपणांत सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, सव्वा महिना तुम्हाला उठू दिलं नाही. माझं बाळ रात्रभर रडायचं, अनोळखी माणसांना घाबरायचं, मला छातीशी धरू द्यायचं नाही. मी रात्र रात्र उभी असायचे. मला एक लाडू कुणी दिला नाही. सगळे म्हणत होते, तुला काय, आयतं मिळालं."

मैत्रिणींनो, त्या लाडवाचं मला आजही वाईट वाटतं. पुण्य म्हणून आणलेल्या मुलीने जन्मभर आभारी राहायचं, आणि पुण्य केलेल्या आईने कधी थकायचं नाही. आपण दोघींना असं अडकवून ठेवतो. पांजरपोळातल्या गाईवर उपकार केले असं म्हणा हवं तर. घरच्या मुलीवर उपकार नसतो. जीव एकमेकांच्या आधारावर जगतात असं आपलं शास्त्र म्हणतं, आणि 'एकमेकांच्या' हा शब्द दोन्हीकडून चालतो. त्या मुलीने माझ्या जावेला काय दिलं, ते मी रोज बघते.

म्हणून नुसतं रागावून थांबत नाही. आपण काय करायचं तेही लिहिते.

दत्तक बाळ आलेल्या घरी लाडू घेऊन जा. दोन रात्री बाळ सांभाळा, आईला झोपू द्या. बाळ दोन महिन्यांचं असो की सहा वर्षांचं, ती आई नवीच आहे. आणि मोठं झालेलं मूल घरी आलं असेल तर महिनोन् महिने नातेवाइकांची गर्दी करू नका. त्याला आधी घर कळू दे, मग गोतावळा.

शाळेत पालकसभेला जाता ना? तिथे हात वर करा. फोटोचा तक्ता, वंशवृक्ष, कानाची पाळी, यांचं वर सांगितलं तसं सुचवा. हे दत्तक मुलाच्या आईनेच बोललं पाहिजे असं नाही. उलट तिने बोलूच नये, नाहीतर सगळ्या वर्गाच्या नजरा तिच्या मुलाकडे वळतात. ज्यांची मुलं पोटची आहेत त्यांनी बोलावं.

मूल अभ्यासात मागे पडलं, चिडलं, गप्प झालं, तर "रक्त बोलतंय" म्हणू नका. सगळ्याच मुलांना कधी ना कधी मदत लागते. ज्याने लहानपणी माणसं बदललेली पाहिली, त्याला थोडी जास्त लागेल. शिकवणीची फी देतो तशीच समुपदेशकाचीही द्यावी लागते. आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीतून चष्म्याला, वह्यांना पैसे मिळतात, मग याला का मिळू नयेत? आणि ते देताना नाव फळ्यावर लिहू नका.

खरं सांगण्याचं काम आईवडिलांचं. "लपवा" असा सल्ला देऊ नका आणि त्यांच्या आधी तुम्हीही सांगू नका. लहानपणापासून गोष्टीसारखं कानावर पडलेलं सत्य मूल पचवतं. लग्नाच्या मांडवात किंवा वर्गातल्या बाकावर कळलेलं सत्य त्याला मोडतं. अठरा पूर्ण झाल्यावर ते शोधाला निघालं, तर "एवढं केलं त्याचं हेच फळ?" असं त्याच्या आईला म्हणू नका. देवानंदेची गोष्ट आठवा.

आणि लग्नाचं. आपल्या बायोडेटात वडिलांचं गोत्र, आजोळचं गोत्र, सगळे रकाने असतात. दत्तक मुलीचं गोत्र तिच्या आईबाबांचं आणि आजोळ तिच्या आईचं माहेर. रकाना भरला, संपलं. समोरच्या घराला दत्तकाची गोष्ट सांगायची की नाही, कधी सांगायची, हे मुलगी ठरवील. तुम्ही मध्यस्थ असाल तर एवढं सांगा की मुलगी चांगली आहे, तिचे आईवडील चांगले आहेत. तुम्हाला ते माहीत असेल तर.

त्या दिवशी देरासराच्या पायरीवर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. काय बोलावं सुचेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मोठी आई, संवत्सरीला त्या काकी आईला मिच्छामि दुक्कडम् म्हणतील ना? मला नाही म्हणणार." खरंच तसं झालं. काकींनी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हात जोडले. तिच्या गालाला हात लावला आणि पुढे गेल्या.

या वर्षी संवत्सरीला यादी करताना ज्यांच्याशी व्यवहार आहे त्यांना तर आपण हात जोडूच. त्याआधी अशा एखाद्या मुलासमोर जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा. मी माझ्या पुतणीला त्याच संध्याकाळी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "बरं, आता गणिताचा पेपर आहे, मला उद्या लवकर उठवा."

तिला मी पहाटे उठवलं. लाडूही केले होते डिंकाचे. जावेसाठी. पंधरा वर्षं उशिरा.

मिच्छामि दुक्कडम्.